खिशातलं बिऱ्हाड

यंदा थंडीने अशी दडी मारली, की अस्तर बदलायला शिंप्याकडे टाकलेला कोट हेडक्लार्कसाहेब साफ विसरले. काल मात्र ती उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी थेट पांघरुणातच शिरली. सकाळी ते कुडकुडत दुकानात पोचले. "मास्तर, आधी कोट द्या!" "नाही मिळणार, साहेब. त्यात बाळंतीण आहे." खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून चिमणीने डोकं बाहेर काढलं. "ऐन हिवाळ्यात?" "उकाड्याने फसली बिचारी. उन्हाळा लागला समजून संसार थाटला, आता पिल्लं गारठतायत." "दुसरा खिसा तरी माझा ना?" "तिथे नवरा झोपतो." साहेब डोकावले, तर उघड्या चोची त्यांच्यावरच खेकसल्या. "कोट माझा आणि दमही मलाच!" म्हणत त्यांनी गळ्यातला मफलर काढून कोटालाच गुंडाळला. घरी बायकोने दारातच विचारलं, "अहो, कोट आणायला गेला होतात ना? मग मफलर कुठाय?" "बाळंतविड्यात दिला."