भिंतीवरची बोट

ऐक ना रे, फोन ठेवू नकोस! आमची स्पीडबोट पूर्ण झाली. घरातच, पुढच्या खोलीत बांधली. बाबा वारले, त्याआधी त्यांनी तिथल्या भिंतीवर पेन्सिलने अख्खी बोट खऱ्या मापात काढून ठेवली होती. तिच्यावरूनच मी एकेक फळी कापली.

आज खाडीत न्यायला निघालो, तर ती दारातून जाईचना! "दीडशहाण्या, दार मोजलं होतंस का आधी?" काका ओरडला. बाहेरच्या बाजूची भिंत एकच, बाबांच्या चित्राची. "फोटो काढ आणि पाड ती," काकाच म्हणाला. फोटोत त्यांचा हात कसा येईल रे?

आईने त्या रेषांवरून तळवा फिरवला आणि घण माझ्याकडे दिला. "त्यांना ती पाण्यात बघायची होती."

सगळे थांबलेत. माझा हातच उचलत नाहीये. तू काय केलं असतंस?