काजळ्याचा पर

सत्यवतीने फडक्याची गाठ सोडली आणि मासा पाटावर ठेवला. आठ दिवस मीठ आणि ऊन खाऊन तो खडखडीत वाळला होता. मुंडकं उडवलेलं, पर कापलेले, पोट धुऊन स्वच्छ. लेकीच्या सासरी पाठवायचा मासा जसा करतात, तसा तिने तो केला होता.

"हा घे तुझा काजळ्या. माझ्या पोराच्या, परेशच्या जाळ्यात आला. म्हटलं, संपदासाठी ठेवू."

समोर बसलेल्या संपदाचा चेहरा मात्र पडला. बेव्हर्ली पार्कातल्या घरून जुन्या भाईंदरपर्यंत रिक्षाने ती मांडीवर स्पिरिटची बाटली सांभाळत आली होती. मासे, खेकडे, पाखरं जिथे बाटल्यांत आणि खणांत वर्षानुवर्षं जपून ठेवतात, त्या राष्ट्रीय संग्रहालयात ती काम करायची.

"मावशी, मी बोलले होते ना, नीट ठेवा म्हणून."

"मग? वरीसभर किडा लागनार न्हाय याला."

"मला डोकं हवं होतं. पर हवे होते. पोटातलंसुद्धा सगळं हवं होतं ओ. आता हा काजळ्या की चिखलातली साधी निवटी, कोणाला कळणार?"

"मला कळतं ना. मी सांगते."

"तुम्ही सांगता. पण आमचे सर विचारणार, कशावरून?"

सत्यवतीला राग आला. पन्नास वर्षं ती बाजारात बसत होती. तिने साफ केलेल्या माशाला नाक मुरडणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं, आणि ही कालची पोर म्हणते, चुकलं. पण पोर रडवेली झाली होती, म्हणून तिने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"आमच्याकडे एकच काजळ्या आहे," संपदा म्हणाली. "नव्वद वर्षांपूर्वीचा. बाटलीवर चिठ्ठी आहे, 'भाईंदर खाडी'. त्यानंतर दुसरा आलाच नाही. सोमवारी खाडीतल्या माशांची लिस्ट छापायला जातेय. त्यात याच्यापुढे नामशेष लिहिणार."

"म्हंजे?"

"म्हणजे संपला. या खाडीत आता एकही उरला नाही."

"वरसातनं दोनदा माझ्या पाटीत येतो, आनि संपला?"

सत्यवतीने त्या वाळक्या माशावरून बोट फिरवलं. डोळ्यांभोवती काजळाची रेघ असलेला हा मासा तिला तिच्या आईने दाखवला होता. शेजारचा माणूस चालता-फिरता असताना कोणी त्याची तेराव्याची पत्रिका काढावी, तसं तिला वाटलं.

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"चल. मुंडकं कुठं पळून गेलं न्हाय."

या घरात माशाचं काही फुकट जात नसे. धुतलेलं पाणी, डोकी, आतडी, सगळं अंगणातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी जायचं. रंगाच्या जुन्या डब्यातलं ते झाड सहा वर्षांचं होतं आणि गल्लीतली अर्धी घरं त्याचीच पानं नेत. सत्यवतीने अंगणात प्लास्टिक अंथरलं, डबा आडवा केला आणि झाड बुंध्याला धरून ओढलं. मुळं कटाकट तुटली.

"मावशी, झाड मरेल."

"जगलं तर जगलं. तू चाळन धर."

मातीत गेल्या दोन महिन्यांचा बाजार गाडलेला होता. सत्यवती एकेक काटा बोटाने चाचपून बाजूला टाकत गेली. "हा बोंबलाचा. ही मांदेली. ही ढोमी, परवाची." डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना चष्मा लागत नाही. वास असा सुटला की शेजारणीने खिडकी लावून घेतली. संपदाने नाकाला रुमाल लावला, मग तिची तिलाच लाज वाटली आणि तिने तो खिशात टाकला.

दीड तास गेला. ऊन डोक्यावर आलं.

"हे बघ."

मुंगळ्यांनी खाल्लेलं एक मुंडकं होतं. त्याच्याच खाली, मातीने माखलेला, नखाएवढा पर. संपदाने तो चिमट्याने उचलला, थेंबथेंब पाणी टाकून धुतला आणि भिंगाखाली धरला. त्यातल्या काड्या तिने तीनदा मोजल्या.

"सोळा."

"आनि त्या बाटलीतल्याला?"

"सोळा. निवटीला एवढ्या नसतात." संपदा हसून म्हणाली. सत्यवतीला मनापासून बरं वाटलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"मग झालं की काम."

"अर्धं झालं. एवढ्यावर सर नामशेष खोडतील. पण शंकास्पद लिहितील. खात्रीने लिहायचं तर अख्खा मासाच लागतो, मावशी. पोटासकट. पुढच्या वर्षीच्या लिस्टसाठी तरी."

संपदाने पर छोट्या नळीत ठेवला आणि वर चिठ्ठी लावली. वाळका मासाही पिशवीत घेतला. सत्यवतीने तोवर झाड पुन्हा डब्यात उभं करून माती दाबली, हात धुतले आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मासे कापायचा तिचा कोयता होता. पन्नास वर्षांत झिजून पातं निम्मं झालेलं. तिने तो माशाच्याच फडक्यात गुंडाळला आणि गाठ मारून संपदापुढे धरला.

"हा घेऊन जा."

"अहो, उद्या बाजारात काय कराल?"

"सांगीन गिऱ्हाइकाला, घरी जाऊन काप."

"पण कशाला?"

"मासा आला की हा हात मला इचारत न्हाय, कापूनच टाकतो," सत्यवती म्हणाली. "काजळ्या गावला की फोन करीन. तवा कोयता परत आन. आनि बाटली मोठी आन, हिच्यात अख्खा मावनार न्हाय."