सामाईक भिंत

"भिंतीत शिरली," वायरमन म्हणाला. "पुढं कुठं जाते ते काही दिसत नाही."

थोरल्याने त्याच्या हातातली बॅटरी हिसकावली आणि फोडलेल्या टाइल्सच्या मागे डोकं घातलं. गीझरच्या मागून निघालेली जुनी, काळपट वायर सरळ सामाईक भिंतीत गेली होती. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहत होता.

"सापडला चोर!" थोरला म्हणाला. त्याला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बाथरूमचं काम निघालं होतं ते त्याच्या बायकोच्या गुडघ्यांसाठी. बसायला ओटा, धरायला दांडी, अंगावर गरम पाणी, एवढंच तिचं मागणं. पण वायरमन हट्टी निघाला. गीझरला बोर्डावरून स्वतंत्र लाइन हवी, प्लग शॉवरपासून लांब हवा, वर करंट गळला की पडणारा ब्रेकर हवा. आणि मेन पाडला की बाथरूममधलं सगळं बंद झालंच पाहिजे.

"नियम आहे," तो म्हणाला. "ओल्या अंगाला करंट माफ करत नाही. ही वायर कुठं जाते ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"कुठं जाते म्हणजे? त्याच्याकडे!" थोरल्याने भिंतीवर थाप मारली. "त्याची पाण्याची मोटर सुरू झाली की आमच्या बाथरूमचा दिवा मिणमिणतो. आमच्यातूनच ओढतो ना तो?"

"मोटर लागली की तुमचा दिवा मंद होतो?"

"रोज! आणि एका हिवाळ्यात ही मंडळी आठवडाभर बाहेर गेली, त्याच दिवशी आमचा गीझर गार. जाताना काहीतरी करून गेले, दुसरं काय? आल्यावर अशी शिव्यांची लाखोली वाहिली, की पुन्हा हिंमत झाली नाही. नंतर किती वेळा गेले, गीझर ठणठणीत."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? आता दाराला कुलूप असतं आणि मीटर गरगर फिरत असतो. सगळं चालू ठेवून जातात. वेंधळे ते वेंधळेच."

वायरमनने पक्कड उचलली. "मेन पाडून बघू. पलीकडचं काही बंद पडलं तर तुमचं खरं."

"थांब. मामा येऊ देत. साक्षीदार पाहिजे."

वाटणी मामांनीच केली होती. दोन मीटर, दोन दारं आणि मधोमध भिंत. भिंत उभी राहताना बाथरूमची खिडकी गेली, ती कायमची. तेव्हापासून तिथं भरदुपारीही दिवा लावावा लागे. भाऊ एकमेकांशी बोलत ते फक्त भांडायला.

मामा काठी टेकत आले. धाकटा आणि त्याची बायकोही आली. त्यांना बोलावलं नव्हतं, दरडावलं होतं.

"मामा, तुम्ही याच्या घरात पंख्याखाली बसा," थोरला म्हणाला. "मी मेन पाडतो. पंखा थांबला की ओरडा. मग मी इथून तडक पोलीसचौकीत. भाऊबिऊ काही बघणार नाही."

"आणि नाही थांबला तर?"

"तर तुमच्यादेखत याचे पाय धरीन. थोरला असून धरीन!"

धाकटा भिंतीकडे बघत होता. "दादा, कशाला हे? नवीन लाइन घे तुझ्या बोर्डावरून. ही वायर काप आणि भिंत बुजव. विषय संपला."

"ऐकलंत? चोराच्या मनात चांदणं!"

"भाऊजी, तुम्ही जरा—" धाकट्याची बायको पुढे झाली. धाकट्याने तिचा हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्याला ते फार आवडलं.

"अहो, पुरे करा," बाथरूमच्या दाराशी खुर्चीत बसलेली त्याची बायको म्हणाली. "सकाळपासून गीझर लावलाय, ते पाणी तरी वापरू द्या मला. पाय ठणकतायत."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यासाठीच चाललंय सगळं!"

मामा पलीकडे जाऊन बसले. दारं सताड उघडी ठेवली. वायरमनने मेनची पेटी उघडली तर आत जाळी धरलेली. खटका हलेना.

"हा शेवटचा कधी पाडला होता?"

"कशाला पाडायचा? सरक!" थोरल्याने त्याला बाजूला सारलं, दोन्ही हातांनी जोर लावला आणि खटका खाली ओढला.

खाड्कन आवाज झाला. बैठकीतला पंखा मंदावत थांबला. फ्रिजची घरघर बंद पडली. थोरला दाराकडे धावला.

"मामा! थांबला का?"

"नाही रे! फिरतोय!"

"नीट बघा!"

"अरे, वारा लागतोय मला! बघायचं काय त्यात?"

थोरल्याचा चेहरा उतरला. मग पुन्हा चढला. "काहीतरी लबाडी केलीय याने! आधीच तोडून ठेवलं असणार!"

धाकटा मान खाली घालून उभा होता.

"अहो," बायको हळूच म्हणाली. "इकडे बघा."

"आता काय?" म्हणत थोरला वळला. बायकोने बोट दाखवलं. सगळं घर बंद पडलं होतं. बिनखिडकीच्या त्या बाथरूममध्ये मात्र दिवा लख्ख जळत होता, आणि गीझर पाणी तापवत होता.