दार आणि काढा

दाराने श्रीरंगच्या बोटातल्या, रक्त तपासणाऱ्या अंगठीचे आकडे वाचले आणि आजही कुलूप उघडलं नाही.

"यकृताची एन्झाइम्स आणखी वाढली आहेत. मद्यपानाचा संशय आहे. पातळी उतरेपर्यंत घरीच थांबा."

"अरे, मी जन्मात थेंब घेतला नाही!" श्रीरंगने दारावर मूठ आपटली.

"दुसरं कारण सांगा. कावीळ? वाढलेलं वजन? कुठली औषधं?"

"कावीळ नाही, वजन नाही. आणि औषधाची साधी गोळीही या घरात येत नाही."

"कारण आढळलं नाही. संशय कायम."

समोरच्या इमारतीत खिडकीशी त्याचे अण्णा बसले होते. त्यांचे हात कापत, म्हणून रोज सकाळी जाऊन श्रीरंगच त्यांची दाढी करायचा. आता वाढलेली पांढरी दाढी इथूनही दिसत होती. अण्णांनी नेहमीसारखा हात हलवला. श्रीरंगने नजर वळवली.

त्याची बायको मुग्धा वाफाळता पेला घेऊन आली. "चिडू नकोस. घे, गुळवेलीचा काढा. माझ्या आईने मुद्दाम कडुनिंबावरची वेल पाठवली आहे."

"मुग्धा, हा काढा सुरू केला तेव्हापासूनच आकडा चढतोय गं."

"मग? काढा नसता तर किती चढला असता, विचार कर!"

हे त्याला पटलं. नाक दाबून त्याने पेला रिकामा केला.

"आता काही औषध घेतलंत?" दाराने विचारलं.

"छे, औषध कुठलं!" श्रीरंगने तोंड पुसलं आणि पेला पुढे केला. "मुग्धा, अजून थोडा दे."