मार्गदर्शकांचा लॅपटॉप

“ताई, डिस्क कुलूपबंद आहे. पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही उघडता येणार नाही. पुसून नवी सिस्टीम टाकू?” दुकानदाराने विचारले.

वसुमतीच्या प्रबंधाची तीन प्रकरणे तिच्या मार्गदर्शकांनी स्वतःच्या नावे छापली होती. पुरावा मिळेल म्हणून तिने विद्यापीठाच्या जुन्या सामानाच्या लिलावातून त्यांचाच जुना लॅपटॉप घेतला होता.

“पुसलं, तर सर सज्जनच राहतील.”

“मग न पुसता राहू द्या. लॅपटॉपचं भाताच्या पातेल्यावर झाकण होईल.”

गुरुचरणी विद्या अर्पण झालीच होती. आता आयुष्यही वाहण्याइतकी ती भाविक नव्हती. “पुसा,” ती म्हणाली.

नव्या सिस्टीमने वापरणाऱ्याचे नाव विचारले. शोधनिबंधावर मार्गदर्शकांचे नाव पहिले, या सवयीने तिने आधी सरांचेच टाइप केले. मग ते खोडून स्वतःचे लिहिले, आणि सरांना चोरता न आलेले चौथे प्रकरण दुकानातच सुरू केले.