जानेवारीची शिकार

"जानेवारीच्या शिकारीला ही चालायची नाही." बंदुका दुरुस्त करणाऱ्या हार्लनने बंदूक उलटीसुलटी करून टेबलावर ठेवली. "ही टोपीची आहे, घोडा दारूच्या टोपीवर आपटून बार उडवणारी. जानेवारीत कायद्याने फक्त चकमकीची चालते, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. पेनसिल्व्हेनियात हे शेंबडं पोरही सांगेल. हवी तर बदलून देतो. घोडा बदलायचा, त्यात गारगोटी बसवायची, ठिणगी आत जायला भोक पाडायचं."

व्हर्ना गोंधळली. ती बंदूक नुसती साफ करून घ्यायला आली होती. तिचा नवरा, एल्वुड, पानगळीत गेला. या वर्षी त्याच्या जागी आपण रानात जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. परवानाही काढला होता.

"पण तो हीच न्यायचा," ती म्हणाली. "दर जानेवारीत. मीच हातात द्यायची."

हार्लन डोकं खाजवू लागला. नियम मोडणं एल्वुडच्या रक्तातच नव्हतं. मक्याच्या शेतांमधल्या सुनसान रस्त्यावरही थांबायची पाटी दिसली की तो गाडी थांबवायचा. हार्लनने बंदुकीचं बूड खोललं, नळीत उजेड टाकला आणि दोनदा आत डोकावून पाहिलं. तिने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, नळी दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे, हिच्यातून कधी बारच उडालेला नाही.

दरवर्षी एल्वुड लालबुंद नाकाने घरी यायचा. डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी खाता खाता सांगायचा, हरण अगदी टप्प्यात होतं, बार उडवला, धूर विरला तर हरण पसार. ती हळहळायची, चर्चमधल्या बायकांनाही सांगायची. मग दिवसभर हा माणूस जायचा कुठे? नको ते मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

हार्लन चाचरत बोलू लागला. एकदा ओढ्याकाठी त्याने एल्वुडला पाहिलं होतं. ओंडक्यावर बसलेला, बंदूक मांडीवर आडवी. समोर दगड मारला तर लागेल इतक्या जवळ दोन हरणी चरत होत्या. आता नेम धरेल, मग धरेल म्हणून हार्लन वाट पाहून कंटाळला आणि निघून आला.

"घेतली कुठे होती ही?" त्याने विचारलं.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला व्हर्नानेच ती आणली होती. तिच्या माहेरचे सगळे पुरुष शिकारी. आपल्या नवऱ्याला भाऊ हसायला नकोत, म्हणून हौसेने घेतलेली. टोपीची की चकमकीची, हे दुकानात तिने विचारलंही नव्हतं. आणि एल्वुड वरचा कागद सोडवून म्हणाला होता, "अगदी हवी होती तशीच."

आता तिला राग आला, पण कोणाचा ते कळेना. त्याने आपलं मन राखलं, की आपल्या चुकीच्या आडून शिकारीतून स्वतःची सुटका करून घेतली? विचारायला तो नव्हता.

"मग, बदलू का?" हार्लन हळूच म्हणाला. "की राहू दे तशीच?"

तिने बंदूक त्याच्याकडे सरकवली.

"बदल," ती म्हणाली. "हरण माझ्याच्यानेही मारवणार नाही बहुतेक. पण आमच्या घरातला एक तरी बार खरोखर चुकू दे."