बक्षीसपत्र

"इथे खाली, रेघेवर सही," वकीलबाई म्हणाल्या आणि एका पानाचा कागद तिच्यापुढे सरकवला. नवऱ्याने लगेच टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. एरवी चहाचा कप उचलून ठेवायलाही ह्याला तीन वेळा सांगावं लागायचं.

पण ती औषधांच्या कारखान्यात आठ वर्षं लेबलं तपासत होती. न वाचता काही पुढे ढकलायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिने कागद वाचला. नवऱ्याच्या नावापुढे 'मालक'. आणि तिच्या नावापुढे? 'घरात राहणारी इतर व्यक्ती.' ह्या इतर व्यक्तीचा घरावर कसलाही हक्क नाही आणि बँकेने सांगितलं तर ती विनातक्रार घर रिकामं करेल, असं खाली लिहिलेलं.

इतर व्यक्ती! सतरा घरं पाहिली ती कोणी? ओल कुठल्या भिंतीत आहे, नळाला पाणी किती जोराने येतं, मागच्या खोलीत ऊन येतं की नाही, हे बघत पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरली ती कोण? ह्या देशात आल्यापासून कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या तळघरात असं पाच वेळा बिऱ्हाड हलवलं, ते हिनेच बांधलं आणि हिनेच सोडलं. तिचा पगार सामायिक खात्यात पडायचा तेव्हा तो बरा 'आपला' असायचा.

"हे काय आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, इथली पद्धत आहे. तुझी नोकरी कराराची, बँक खळखळ करते. म्हणून माझ्या एकट्याच्या नावावर केलं. घर काय, तुझंच आहे की."

"माझंच आहे तर माझं नाव कुठाय? आणि तुला हे कधीपासून माहीत होतं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे बरेच दिवस.

ती वकीलबाईंकडे वळली. "माझं नाव घालता येतं का?"

"येतं की. बँकेचे कागद पुन्हा करावे लागतील, दोन आठवडे जातील. घर विकणाऱ्यांना तशी घाई नाही. पण अर्ज ह्यांचा आहे. ह्यांनी हो म्हटलं पाहिजे."

"आता ऐन वेळी कशाला घोळ घालतेस?" नवरा म्हणाला. "पुढे कधीतरी बघू ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही न करताच तिने पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. चार महिन्यांपूर्वी आपल्या दोन खोल्या विकून, ते पैसे घेऊन त्या लेकाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. बँकेचं कर्ज सोडून जी रक्कम भरायची होती, ती बहुतेक त्यांचीच. आणि ह्या चार महिन्यांत त्यांनी सुनेचं एक काम धड म्हटलं नव्हतं. फडकं असं पिळतात का, कपडे असे वाळत घालतात का! तिला खात्रीच होती, हे कारस्थान मायलेकाचं आहे. लेकाच्या एकट्याच्या नावावर राहू दे, हे ह्यांनीच त्याच्या कानात सांगितलं असणार.

वकीलबाईंनी दुसरा कागद काढला. "हे सासूबाईंचं बक्षीसपत्र. त्यांच्या भाषेत त्यांना वाचून दाखवायला हवं. मुलाने नाही, कारण पैसे त्याला मिळणार आहेत. तुम्ही वाचा."

"सगळं नको वाचत बसूस," नवरा हळूच म्हणाला. "आईला थोडक्यात सांग."

थोडक्यात! आत्ता अशीच थोडक्यात तिची सही जाणार होती. सासू असली म्हणून काय झालं, म्हाताऱ्या बाईला आंधळेपणाने सही करायला लावणं तिला जमणार नव्हतं. तिने शब्दन् शब्द मराठीत करून सांगितला.

"ही रक्कम मी राजीखुशीने बक्षीस देते आहे. ती परत मागणार नाही. त्या घरावर माझा हक्क राहणार नाही, तिथे राहण्याचाही नाही. ज्या व्यक्तीला मी ही रक्कम देते आहे, तिचं नाव घराच्या कागदावर मालक म्हणून लागलंच पाहिजे. नाहीतर हे बक्षीस रद्द."

मग ती थांबली. "आई, नीट कळलं ना? सही केलीत की तुमचं तिथे काही राहत नाही. मनात नसेल तर करू नका."

"अगं, काय बोलतेस!" नवरा ओरडला.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या कागदात काय होतं गं?"

"तेच. माझाही हक्क नाही म्हणून. वकीलबाई म्हणतात, माझं नाव घालता येईल, दोन आठवडे लागतील. पण ह्याने हो म्हटलं पाहिजे."

"शाबास!" सासूबाईंचा आवाज असा चढला की वकीलबाई दचकल्या. "घरात दोन बायका, आणि दोघींनी लिहून द्यायचं की आमचं काही नाही! हे मला घरी का नाही सांगितलंस रे?"

"आई, तुला ह्यातलं कळत नाही."

"आत्ता वाचून दाखवलंय मला हिने. सगळं कळलंय." त्यांनी कागद सुनेपुढे धरला. "माझे पैसे कोणाला जाणार, ते कुठे लिहिलंय?"

तिने ओळ दाखवली. माझ्या मुलाला, असं तिथे टाइप केलेलं होतं.

सासूबाईंनी खाली ठेवलेलं पेन उचलून तिच्या हातात दिलं.

"वकीलबाईंना सांग, आम्ही दोन आठवडे थांबू. आणि ते 'मुलाला' खोड. तिथे 'सुनेला' लिही."